ओल्या पोत्याचा वास

महाग लाल वाइन खरंच तेवढ्या किमतीची असते का, की स्वस्तातल्या बाटलीनेही काम भागतं, हे मला विचारू नका. लोक विचारतात. जिन्यात गाठतात, दुकानाच्या रांगेत गाठतात. ‘मावशी, तुमच्या घरात तर एवढा जाणकार माणूस होता, तुम्ही सांगा ना.’ मी काय सांगणार, कपाळ! मी ग्लास धुणारी बाई. ज्याने सांगायचं तो माणूस गेला, आणि जाण्याआधी मला तेच उत्तर द्यायला बसला होता. ते कसं झालं ते ऐकायचं असेल तर बसा. घाई असेल तर दुकानात जा, खिशाला झेपेल ती बाटली घ्या आणि माझं डोकं खाऊ नका.

आमचे हे मोठ्या हॉटेलात वाइन वाढायचे. वाढायचे म्हणजे नुसतं ओतणं नव्हे. तळघरात बाटल्या आडव्या रचायच्या, गिऱ्हाइकाला काय रुचेल ते ओळखायचं, बूच काढायचं, आणि बाटली टेबलावर नेण्याआधी ग्लासात तळापुरती ओतून तिचा वास घ्यायचा. का? तर कधी कधी बूच खराब निघतं आणि आतली वाइन बिघडते. रंग तोच, लेबल तेच, पण वास ओल्या पोत्याचा. तशी बाटली गिऱ्हाइकापुढे गेली की हॉटेलची अब्रू गेली. ह्यांच्या हातून अशी एकही गेली नव्हती. हॉटेलात त्यांना सगळे नाकराव म्हणायचे, तेही तोंडावर. ऐकलं की ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

सासूबाईंना मात्र ह्या नोकरीची लाज. शेजारणींना सांगायच्या, मुलगा हॉटेलात हिशेब बघतो. ‘दारू पाजतो म्हणून सांगू का चारचौघांत?’ असं मलाच विचारायच्या. हे भडकायचे. ‘दारू नव्हे, वाइन!’ एकदा भांडणाच्या भरात मीही दारू म्हणाले, तर दोन दिवस माणूस माझ्याशी बोलला नाही. पाणीसुद्धा स्वतः उठून घेतलं. एवढा अभिमान! आणि गंमत म्हणजे स्वतः पीत नव्हते. वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा, कामावरचा नियमच तसा. घरी यायचे ते माझ्याइतकेच शुद्धीवर.

नाक उपजतच तसं. तरुणपणी त्या हॉटेलात बॅगा उचलायला लागले होते. एकदा जिन्यात जुना तळघरवाला उघडलेली बाटली घेऊन वर येत होता, त्याला हे म्हणाले, ‘काका, तुमच्याजवळ ओलं पोतं आहे का हो?’ म्हातारा जागच्या जागी थबकला. ग्लासात ओतून बघितलं, तर बाटली खरंच बिघडलेली. पुढच्याच आठवड्यात ह्यांच्या डोक्यावरच्या बॅगा उतरल्या आणि हे तळघरात गेले. घरी तर विचारूच नका. दूध नासायच्या आधी ह्यांना कळायचं. लेक लहान होती तेव्हा तिच्या कपाळाला नाक लावून म्हणायचे, ‘हिला उद्या ताप येणार.’ यायचाच. मला राग यायचा, वाटायचं ह्यांनीच बोलावून आणला. पुढे लेक लग्न होऊन लांब गेली. तिचा शाळेतला स्वेटर मी कपाटात ठेवला होता, त्याचा वास घेताना ह्यांना एकदा पकडलं. घडी घातली आणि परत ठेवला.

आमचं आयुष्यभराचं भांडण एकच. सासूबाई गेल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून मी त्याच हॉटेलात ग्लास धुवायला लागले. एका टेबलावरून ग्लास यायचा स्वस्त वाइनचा, दुसऱ्यावरून यायचा महागाचा. तळाचा डाग दोन्हीचा सारखाच लाल, साबणही सारखाच लागायचा. ‘अहो, द्राक्षंच ना ती?’ मी म्हणायची. ‘मग एक बाटली पावाच्या भावात आणि दुसरीच्या किमतीत आपल्या घराचं भाडं निघेल, हे कसं? लुटता हो तुम्ही लोकांना.’

हे न चिडता समजावायचे. वेल जुना झाला की द्राक्षं कमी धरतो पण रस दाट देतो. तो रस लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवायचा, म्हणजे पिंपाचा खर्च, जागेचा खर्च, आणि वाट बघणाऱ्या माणसांच्या पोटाचा खर्च. ‘अगदी खालच्या बाटलीपेक्षा मधली पुष्कळ बरी असते. तिथपर्यंत पैसा बाटलीत जातो. त्याच्या पुढचा बहुतेक सगळा कागदावर जातो, त्या वरच्या लेबलावर.’ हे मला सांगायचे, घरी, दार लावून. हॉटेलात कोणी विचारलं, ‘नाकराव, ही खरंच एवढी भारी आहे का हो?’ तर मान झुकवून म्हणायचे, ‘दुसरा घोट घ्या, मग मला विचारा.’ दुसऱ्या घोटानंतर कोण विचारतोय! तोवर बाटली उघडून झालेली असायची.

‘म्हणजे सगळा कागदच ना?’ मी म्हणायची.

‘एक सोडून.’

ती एक तळघरात अगदी आत, भिंतीच्या कडेला असायची. काळं लेबल, कुठल्याशा डोंगरउतारावरच्या जुन्या मळ्यातली. मी तिला नुसतं काळी म्हणायची. ‘काळी खरी आहे,’ हे म्हणायचे. ‘तिच्या किमतीत खोट नाही. एक दिवस तुला अख्खा ग्लास पाजीन. मग तोंड वर करून बोलू नकोस.’ मी म्हणायची, ‘पाजा की, बघू या.’ कुठून आणणार होते, कधी पाजणार होते, देव जाणे. पण बोलायचे असे की जणू काही उद्याच.

एका हिवाळ्यात सकाळी मी गच्चीत कपडे वाळत घालून खाली आले, तर घरभर धूर. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं ठिक्कर पडलेलं. आणि हे त्याच्या शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतायत. ‘अहो!’ मी किंचाळले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे बघितलं, आणि चेहरा असा उतरला की ओरडायचं सोडून मी आधी पातेलं उतरवलं.

‘सर्दी झालीय जरा,’ म्हणाले.

सर्दी कसली? नाक कोरडं ठणठणीत. नंतर कितीतरी दिवस माणूस घरभर हुंगत हिंडत होता. लसूण, रॉकेल, साबण, माझे केस. शेवटी कपाट उघडून लेकीचा स्वेटर काढला आणि तोंडाशी धरून बसले. बराच वेळ बसले. मग तो तसाच माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘तू घडी घाल.’

मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. तर म्हणाले, ‘आणि बाहेर फुटलं म्हणजे? नाकरावाचं नाक गेलं हे कळल्यावर मला तिथे बॅगासुद्धा कोणी उचलू देणार नाही. सीझन संपू दे, मग जाऊ.’ सीझन संपला तर म्हणाले, मालकांचे पाहुणे येऊन जाऊ देत. पाहुणे गेले तर तळघराची मोजदाद निघाली. मी भांडले, रडले, एक दिवस चूलच पेटवली नाही. ढिम्म हलले नाहीत. त्या नाकापलीकडे आपल्याला काही येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्या धास्तीपुढे माझं काय चालणार?

मग त्यांनी युक्ती काढली. तळघराच्या जिन्याच्या तोंडाशीच माझी ग्लास धुण्याची खोली होती. मधल्या भिंतीत एक लहानशी खिडकी, धुतलेले ग्लास पलीकडे सरकवायला. ह्यांनी बाटली उघडायची, तळापुरती ओतून ग्लास त्या खिडकीतून मला द्यायचा, आणि वास मी घ्यायचा. चांगली असली तर ‘हं’ म्हणायचं. पोतं असलं तर तोंडातून शब्द न काढता नळ सोडायचा. नळाच्या आवाजाकडे तिथे कोण लक्ष देतंय!

‘मी?’ मी म्हटलं. ‘अहो, मला फिनेल आणि अत्तर वेगळं कळलं तरी पुष्कळ झालं.’

‘चांगली ओळखायला कोण सांगतंय तुला? वाईट ओळखायची. फक्त पोतं.’

झाली शिकवणी सुरू. आमच्या बाथरूममध्ये पोतं भिजत पडलं. त्याचा तुकडा वाटीत घालून, कधी त्यावर संत्र्याची साल, कधी कॉफीचा चोथा टाकून हे माझ्या नाकाखाली धरायचे. डोळे मी मिटलेले. ‘आहे?’ ‘आहे.’ ‘आता?’ ‘नाही. आता तुमचे मोजे आहेत.’ शेजारीण दार वाजवून विचारून गेली, तुमच्याकडे काही कुजलंय का म्हणून. हसलो आम्ही त्या दिवसांत, खोटं कशाला सांगू? नवं लग्न झाल्यावरसुद्धा एवढे हसलो नव्हतो.

स्वस्त बाटल्यांचा प्रश्नच नव्हता. त्यांना बूच नसतं, फिरकीचं झाकण असतं. बूच नाही तर पोतंही नाही. हे कळल्यावर मला काय उकळ्या फुटल्या! ‘घ्या! म्हणजे तुमच्या कागदवाल्या कुजतात आणि गरिबाची ठणठणीत राहते!’ ह्यांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणता येईना. खिडकीतून माझ्याकडे यायच्या त्या सगळ्या महागातल्याच.

आणि चाललं. पुढचा हिवाळा आला तरी चाललं. अधूनमधून मी नळ सोडायची, हे मुकाट्याने खाली जाऊन दुसरी बाटली आणायचे. त्या दिवसांत शहरातली सगळ्यात भारी वाइन माझ्या नाकाखालून गेली, पण त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही. हात साबणात, पाठीला वाफ, आणि डोक्यात एकच घोकणं, पोतं आहे का, पोतं आहे का. चांगलं काय आहे ते शोधायला फुरसतच नव्हती. काळीसुद्धा येऊन गेली. तिचा वास मला एवढाच कळला की नव्या चामड्याच्या चपलेसारखा. घरी आल्यावर ह्यांना तसं म्हटलं आणि मनात म्हटलं, आता दोन दिवस अबोला. तर हे हसले. खो खो हसले. ‘चप्पल!’ म्हणाले. मला बरं वाटलं तेव्हा. वाटलं, म्हातारपणी निवळला माणूस.

पण निवळणं नव्हतं ते. सकाळी उठले की कपाळ दाबून बसायचे. एका पायात एक मोजा, दुसऱ्यात भलताच. टेबलावरच्या कपड्यावर वाइन सांडली तर पुसायच्या ऐवजी बघत राहायचे. मॅनेजरला एकदा ‘काय टकलू’ म्हणाले, आणि तेही खुद्द मालकांसमोर. मॅनेजर भला माणूस, हसण्यावारी नेलं. मलाही वाटलं, जन्मभर मान झुकवली, आता जरा ताठ होतोय तर होऊ दे.

मग ती दुपार आली. हॉटेलात एक कंत्राटदार यायचा, पुलांची कामं घ्यायचा, बोलायला मोठा फटकळ. त्या दुपारी तो मोठं टेबल धरून पाहुण्यांना घेऊन बसला आणि त्याने काळी मागवली. ह्यांनी खिडकीतून ग्लास दिला, मी वास घेतला, ‘हं’ म्हटलं. हे बाटली घेऊन गेले. थोड्या वेळाने मॅनेजर धावत माझ्या खोलीत आला. डोक्यावर घाम.

‘मावशी, हात पुसा आणि बाहेर चला.’

‘काय झालं?’

‘काय व्हायचं राहिलंय? तुमच्या नवऱ्याने पार वाट लावली.’

चालता चालता त्याने सांगितलं. कंत्राटदाराने नेहमीसारखी टर उडवली होती, ‘काय नाकराव, त्या स्वस्त बाटलीपेक्षा ही खरंच एवढी भारी आहे, की आम्हाला टोपी घालताय?’ ह्यांनी काय म्हणायचं? दुसरा घोट घ्या, मग विचारा. जन्मभर तेच म्हणत आले. पण त्या दिवशी म्हणाले, ‘मला काय माहीत? मला कसलाच वास येत नाही. वास माझी बायको घेते, आत ग्लास धुते ती.’ टेबल हसून हसून लोळलं. त्यांना वाटलं, नाकराव आज रंगात आलाय. कंत्राटदार म्हणाला, मग बोलवा त्या बाईला, दोन ग्लास ठेवू आणि तिलाच विचारू.

‘खरंखोटं मी नंतर बघतो,’ मॅनेजर दात आवळून म्हणाला. ‘आत्ता फक्त भारीतल्या ग्लासाकडे बोट दाखवा आणि परत या. थट्टा थट्टेवारी जाईल. नाहीतर नाकराव उद्यापासून घरी.’

‘आणि भारीतला कुठला?’

‘ते तुम्हाला कळलं तर तुमचं नशीब.’

ओला एप्रन, सुजलेले हात, पायात रबरी बूट, अशी मी त्या पांढऱ्या कपड्यांच्या टेबलांमधून गेले. सगळे माना वळवून बघतायत. हे टेबलाशी हातावर नॅपकिन घेऊन उभे, अगदी नेहमीसारखे. मी पहिला ग्लास नाकाशी धरला. ताजी, कच्ची, गोडसर फळं. असा वास माझ्या खिडकीत कधी आला नव्हता, म्हणजे ही फिरकीच्या झाकणाची. दुसरा उचलला. नवी चप्पल.

खरं सांगू? मला पहिलीच आवडली. काळीच्या वासाला माझी सगळी भीती चिकटलेली होती. तो वास आला की आजही मला वाटतं, कोणी तरी मागून येऊन विचारणार, बाई, हा ग्लास तुझ्या हातात कसा? पण मला काय आवडतं ते कोण विचारतंय? मी काळीच्या ग्लासाला हात लावला. ‘ही,’ म्हटलं. ‘हिच्यापुढे ती नुसतं पाणी.’

‘वा, मावशी!’ कंत्राटदाराने टेबलावर थाप मारली. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. मॅनेजरने खिशातून रुमाल काढून टक्कल पुसलं. झालं होतं. निभावलं होतं सगळं. मी वळलेसुद्धा.

‘खोटं बोलतेय ती!’

हेच होते. मोठ्याने, हसत हसत. ‘हिला काळी आवडत नाही. चपलेचा वास येतो म्हणते. रोज खिडकीतून देतो ना मी हिला! चांगली असली की हं म्हणते आणि पोतं असलं की नळ सोडते!’

नळाची गोष्ट कोणी थट्टेत रचत नाही, एवढं टेबलावरच्या सगळ्यांना कळलं. कंत्राटदाराने हळूच ग्लास खाली ठेवला. मॅनेजर माझ्याकडे बघेना. फक्त हे हसत होते, एकटेच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दारू म्हटलं म्हणून ज्याने माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, तो माणूस भर हॉटेलात काळीला चप्पल म्हणून हसत होता. नोकरी गेली हे मला कळलं. पण मी घाबरले ती नोकरीसाठी नाही. त्या टेबलाशी उभा होता तो माझा नवराच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. आता कुठल्या सीझनची वाट बघायची होती? डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, आणि मला विचारलं, ‘वास कधीपासून येत नाही?’ मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग फोटो काढले, मोठ्या मशीनमध्ये घातलं. कपाळामागे, नाकाच्या बरोबर वर, गाठ होती. आधी तिने वासाची वाट बुजवली आणि मग वाढत वाढत माणसाच्या स्वभावावर जाऊन बसली. ‘वास गेला तेव्हाच यायला हवं होतं,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘तेव्हा लहान असणार ती. सहज निघाली असती.’

गाठीने बिचारीने वेळेवर सांगितलं होतं, आम्ही ते खिडकीआड लपवून ठेवलं होतं. मला ह्यांचा असा संताप आला की शेजारच्या खुर्चीत बसलेल्या त्या आजारी माणसाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. सीझन म्हणे! जळो मेला तुमचा सीझन! आणि ते माझ्याकडे बघून खुशीत मान हलवत होते.

ऑपरेशन झालं. थोडी गाठ काढली, बाकीची काढता आली नाही. हसणं मात्र थांबलं. माझे हे परत आले, पण फार दिवसांसाठी नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. नजर जवळजवळ गेली होती, समोर उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं. लेक आली, राहिली, तिच्या संसाराकडे परत गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हॉटेलातली ती दुपार ह्यांना लख्ख आठवत होती. ‘मी चारचौघांत तुला खोटी पाडली,’ एकदा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. मी म्हटलं, ‘खोटं बोललेच होते मी, त्यात काय एवढं?’ पण ते काही तोंड वळवेनात.

एका दुपारी मॅनेजर आला. हातात कागदात गुंडाळलेली बाटली. ‘मालकांनी पाठवलीय. नाकरावांसाठी.’

‘औषधं पाठवली असती तर कामाला आली असती,’ मी म्हटलं. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. बसा म्हटलं तर बसला नाही. त्याचा तरी काय दोष, पण मला कोणावर तरी ओरडायचंच होतं.

मी बाटली ह्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटांनी तिची मान चाचपली, खांदा चाचपला, लेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. ‘काळी?’ म्हणाले. कितीतरी दिवसांनी आवाजात जीव आला होता. पाठीमागे उशी लावून बसवलं, तर लगेच हुकूम सुरू. ग्लास गरम पाण्याने धू, साबण लावू नकोस. बाटली हलवू नकोस. बुचात स्क्रू सरळ घाल, तिरका नको. हातांत जोर राहिला नव्हता म्हणून बूच मी काढलं, पण त्यांचे हात माझ्या हातांवर होते. ‘आज तुला अख्खा ग्लास,’ म्हणाले. ‘सांगितलं होतं की नाही?’

तळापुरती ओतून मी ग्लास त्यांना दिला. त्यांनी तो तोंडाला लावला नाही. हात लांब करून माझ्यापुढे धरला, खिडकीतून धरायचे तसा.

‘बघ.’

मी नाक घातलं. पोतं. शंकाच नको. आमच्या बाथरूममध्ये भिजत पडलं होतं ते पोतं, जसंच्या तसं. पुन्हा नाक घातलं, की देवा, माझंच चुकत असू दे. कॉफीचा चोथा असू दे, मोजे असू देत, काहीही असू दे. पोतंच होतं. जन्मात एकदा आमच्या घरात काळी आली आणि ती अशी आली.

आमची खोली एवढीशी, पलंगाशेजारून हात लांब केला तरी मोरीच्या नळाला लागतो. हे मान जराशी कलती करून, कान माझ्याकडे लावून बसले होते. वाट बघत होते.

‘हं,’ मी म्हटलं.

त्यांनी घोट घेतला. तोंडात फिरवला. मी थुंकायला वाटी पुढे केली, ती त्यांनी कोपराने बाजूला सारली आणि गिळला. डोळे मिटून बसले. वास तर येतच नव्हता, काय लागलं असेल जिभेला, थोडं तुरट, थोडं आंबट. ‘बघ,’ म्हणाले, ‘उतारावरचा मळा आहे ना, म्हणून अशी.’ मग म्हणाले, ‘आता तू. भरून घे. आणि लगेच बोलू नकोस. दुसरा घोट घे, मग मला विचार.’

मी ग्लास भरला. पहिला घोट पोत्याचा. दुसराही पोत्याचाच.

‘काय?’ म्हणाले. ‘आहे की नाही किमतीची?’

‘आहे हो,’ मी म्हटलं. ‘तुमचंच खरं. उगीच भांडले मी जन्मभर.’

त्यांनी मान मागे टेकली. ओठ हसत होते, पण ते हॉटेलातलं हसू नव्हतं, जुनं होतं, माझ्या ओळखीचं. ‘संपव सगळा,’ म्हणाले. त्यांना दिसत नव्हतं, ओतून दिला असता तरी काय कळणार होतं? पण ओतायचा म्हणजे मोरीत ओतायचा, आणि मोरीत ओतला की नळ सोडावा लागणार. म्हणून मी तो ग्लास त्यांच्याशेजारी बसून, एक एक घोट करत, शेवटपर्यंत प्याले.